गाठ बांधून डोंगराला वळसा

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी नवऱ्यावर ओरडले, आणि तेही गुडघाभर समुद्रात उभी राहून. तोवर आम्ही एकमेकांशी धड बोललोही नव्हतो. म्हणजे मी बोलले नव्हते. ते सकाळपासून बोलतच होते.

माझं माहेर हरिहरेश्वरचं. देवळामागं डोंगर आणि डोंगराच्या पायाशी थेट समुद्र. दर्शन झालं की त्या अख्ख्या डोंगराला वळसा घालायचा, ही आमच्याकडची प्रदक्षिणा. वाट आधी वर चढते, मग दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि तिथून खडकांवरून, पाण्याच्या कडेकडेनं देवळाशी परत येते. भरतीला ही खडकांवरची वाट बुडते, म्हणून जायचं ते ओहोटी बघूनच. आमच्या घरची पद्धत अशी, की मुलीचं लग्न झालं की सासरी निघण्याआधी नव्या जोडप्यानं हा वळसा घालायचा, वराच्या उपरण्याला वधूचा शेला बांधून. गाठ देवळात बांधायची आणि परत आल्यावर देवळातच सोडायची. मधे सुटली तर अपशकुन. वडीलधारी मंडळी गुडघ्यांची सबब सांगून देवळात बसत, त्यामुळं खाली जायची ती दोघंच.

या दोघंच जाण्यावर माझी सगळी भिस्त होती. माझी मराठी सहावी झालेली, सातवीची म्हणजे फायनलची परीक्षा तेवढी राहिलेली. सन तीसच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. आमच्या गावात फायनल झालेली मुलगी तोवर एकही नव्हती, आणि पहिली मीच होणार हे मी तिसरीत असतानाच ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात स्थळ आलं. मुलगा माणगावच्या बाजूचा, हायस्कुलात शास्त्र शिकवणारा. मास्तर म्हटल्यावर मला हर्षवायू व्हायचा तेवढा राहिला! पण सासूबाईंनी मांडवातच, चारचौघांदेखत सांगून टाकलं, "पाटीपुस्तक इथंच राहू दे हो. आमच्याकडं सुनांना बसायला फुरसत नसते." आईनं निमूटपणे माझी पुस्तकं ट्रंकेतून काढून फळीवर ठेवली. मला इतका राग आला, की मी जेवणात लाडू घेतला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सासरी भरलं घर. तिथं नव्या सुनेला नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायला मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. तेव्हा जे काय विचारायचं ते प्रदक्षिणेतच. मी वाक्य घोकून ठेवलं होतं : "मला फायनलला बसायचंय. तुम्ही तुमच्या आईंना सांगा."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. त्या दिवशी चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तिनाला भरती आणि नवाच्या सुमाराला पाणी पार खाली. न्याहारी करून आम्ही निघालो तेव्हा वेळ हाताशी भरपूर होता.

पण नवरा? मांडवात या गृहस्थांनी तोंड म्हणून उघडलं नव्हतं. माझ्या मैत्रिणींनी तर 'मुका' म्हणून नाव पाडलं होतं. मला वाटलं बरंच झालं, मुका माणूस निदान ऐकून तरी घेईल.

घळीत दहाएक पायऱ्या उतरलो असू. मी खाकरले, मान खाली घातली आणि म्हटलं, "मला..."

"अगं, हे बघ!" ते म्हणाले आणि दोन्ही हात कड्यावर टेकून उभे राहिले. "हा डोंगर नाहीच मुळी. ही थिजलेली आग आहे!"

मी कड्याकडं पाहिलं. जन्मापासून पाहत होते तो काळा दगडच होता.

ते सुटले. कधीकाळी म्हणे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. आतून वितळलेला दगड वर आला, पायसासारखा पसरला आणि थिजला. मग पुन्हा भेगा, पुन्हा दगड. एका थरावर दुसरा, त्यावर तिसरा, घावनांची चवड लागावी तसा सह्याद्री उभा राहिला. "कुणी उचलून ठेवला नाही! ओतला गेला, ओतला!" ते ओरडले, आणि घळीनं तेच परत ओरडून दाखवलं. त्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी आणखी दोनदा ओरडून पाहिलं. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. दोन्ही एकदम आलं की माझा चेहरा फार विचित्र दिसतो, असं आई म्हणायची.

खाली खडकांवर आलो. तिथं कड्याला जाळी पडावी तशी भोकंच भोकं आहेत. आमच्याकडं त्यांना देवांच्या बाणांचे घाव म्हणत. मी पुन्हा सुरुवात केली, "मला फाय..."

"मीठ!" ते म्हणाले. "हे सगळं मिठानं केलंय. लाटेचं पाणी दगडात मुरतं, उन्हानं वाळतं, आत मीठ राहतं. ते फुगतं आणि दगडाचा कण न् कण सुटा करतं. तुमच्या घरी मिठाचं मडकं आहे ना?"

आहे म्हटलं. बाहेरून त्याचे पापुद्रे सुटतात, दर दोन-तीन वर्षांनी नवं आणावं लागतं. हे मी सांगितलं मात्र, ते मला मिठीच मारतात की काय असं वाटून मी मागं सरले. तर शेल्याला हिसडा बसला आणि दोघंही पडता पडता वाचलो. "तेच! तेच मडकं!" ते नाचत म्हणाले. वर एक मोठी पोकळी होती, ती त्यांना जवळून बघायची होती. "गाठ जरा सोडूया का?" मी जीभ चावली. गाठ सोडायची? "मग तूही चढ." आणि मी चढले! नवा शालू, नाकात नथ, पायात जोडवी, आणि नवऱ्यामागून शेपटासारखी कड्यावर. वर बसून त्यांनी पोकळीतली भुरभुरीत रेव माझ्या तळहातावर घातली. "हा डोंगर," ते म्हणाले. मी मूठ मिटली. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मी फायनल साफ विसरले होते.

मग तर त्यांना ऊतच आला. दिवसा दगड तापतो, रात्री निवतो, त्यानं तडकतो. तड्यात उंबराचं मूळ शिरतं आणि पाचरीसारखं दगड फोडतं. पाऊस काळ्या दगडाला सडवून त्याचा लाल जांभा करतो, तोच आपण भिंतींना लावतो. सुटलेली माती ओढा उतरवतो, नदी वाहून नेते, खाडीत टाकते. दिवेआगरच्या वाड्यांतल्या पोफळी उभ्या आहेत त्या डोंगरात, शेतात भात पिकतो तो डोंगरात. "आपण डोंगर जेवतो!" ते म्हणाले आणि हसले, आणि मीही हसले. लग्नाच्या गडबडीत दोन दिवसांत मला कुणी हसवलं नव्हतं.

कालवं काढणारी एक कोळीण टोपली डोक्यावर घेऊन परत निघाली होती. आम्हाला बघून ती थबकली. "अगो बायो, पानी चढतंय! नवऱ्याला वढ नि नीघ!"

मी खाली पाहिलं. मघाशी ज्या खडकावरून चाललो त्याच्यावर फेस होता. बोलण्यात किती वेळ गेला कोण जाणे! मी उडीच मारली, मागून तेही आले. पुढच्या वळणावर वाट बुडालेली. एक लाट आली आणि शालू कमरेपर्यंत भिजवून गेली. आणि हे गृहस्थ त्या लाटेकडं बोट दाखवून म्हणतात कसे, "बघ, बघ, पाण्याबरोबर गोटे कसे आपटतात! त्यांचाच हातोडा होतो, कडा खालून पोखरला जातो आणि..."

"गप्प बसा!" मी ओरडले.

ते गप्प बसले. मी एका दमात वाक्य म्हणून टाकलं. मला फायनलला बसायचंय, तुम्ही तुमच्या आईंना सांगा. घोकलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर रडूच फुटलं असतं.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "काल तुझ्या वडिलांनी कानावर घातलं."

"मग?"

"आईसमोर माझं तोंड उघडत नाही गं. वडील गेल्यापासून घरात तिचाच शब्द. मी हो म्हणतो, नाहीतर गप्प बसतो. वर्गात बोलतो, घरात नाही." मग अगदी हळू म्हणाले, "तू विचारशील या धास्तीनंच सकाळपासून बोलत सुटलोय. पण डोंगराचं सगळं खरं हं. त्यात एक अक्षर खोटं नाही."

मग मला जे हसू लोटलं, ते काही केल्या आवरेना. अख्खा सह्याद्री ओतून परत खाली आणणारा हा माणूस, आणि आईपुढं याची बोबडी वळते! ते आधी ओशाळले, मग तेही हसायला लागले. तसेच हसत, एकमेकांना ओढत, पाण्यातून धडपडत आम्ही देवळाशी पोचलो. शालूचं पार पोतेरं झालं होतं, पण गाठ शाबूत होती.

देवळात सासूबाई उभ्याच होत्या. "ही काय प्रदक्षिणा की काशीयात्रा?" नणंद गाठ सोडायला पुढं झाली. मी ती गाठ मुठीत घट्ट धरली. गाठ सुटली की हे पुरुषांच्या घोळक्यात जाऊन बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"गाठ जरा राहू द्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "यांना काही बोलायचंय."

माझे वडील छताकडं बघायला लागले. यांचे ओठ हलले, आवाज नाही. मी शेल्याला हलकेच हिसका दिला.

"आई," ते म्हणाले, "हा डोंगर आहे ना..."

मी डोळे मिटून घेतले. झालं! पुन्हा डोंगर! पण त्यांना तीच एक वाट ठाऊक होती. भेगा, थर, ऊन, मीठ, पाऊस, सगळं सांगत सांगत ते एकदाचे शेतातल्या मातीपर्यंत उतरले आणि तिथून धाडकन म्हणाले, "आणि हिला मी शिकवणार आहे. फायनलला बसवणार आहे."

सासूबाईंनी आधी मुलाकडं पाहिलं. मग मला म्हणाल्या, "हा एवढं बोलतो?"

मी मान हलवली.

"म्हणजे आपल्या परसातली लाल माती..." त्यांनी मुलाला विचारलं.

"डोंगरच, आई."

"आणि इतकी वर्षं मी तिनं घर सारवतेय, तर मला हे सांगायला तुला जीभ नव्हती होय रे?"

सासूबाईंनी नणंदेला बाजूला सारलं आणि माझ्या मुठीतून गाठ घेतली. ओलीनं ती करकचून आवळली होती. खाली मान घालून त्या नखानं एकेक पदर सैल करत राहिल्या.

"शिकव हिला," त्या म्हणाल्या. "पण माजघरात बसून शिकव. आणि मोठ्यानं. मी चुलीपाशी असते, मला ऐकू आलं पाहिजे."