लेकीला कळू न देता

माझी लेक इंटरनेटवर लिहिते, हे मला कारखान्यातल्या एका जोडीदाराकडून कळलं. लोणी देवकरला आम्ही दोघं एकाच शिफ्टला असतो. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मोबाइल पुढं केला. "आबा, ही तुमचीच पोरगी न्हवं?" बघतो तर तिचा फोटो, आणि खाली कळंबच्या आमच्या वांग्याच्या वावराबद्दल लिहिलेलं. काटे टोचू नयेत म्हणून माझे जुने मोजे हातात चढवून ती वांगी तोडायची, ते सगळं. माझा डबा तसाच राहिला.

तिनं बँकेतली नोकरी सोडून नागपूरला कुठल्याशा संस्थेत जायचं ठरवलं, तेव्हा आमचं वाजलं होतं. रागाच्या भरात मी म्हणालो, "तुझा फोन आल्याबिगर आता मी करणार न्हाय." तीही माझीच लेक. तिनंही केला नाही. आईला करायची. मी बाहेरच्या खोलीत कान देऊन बसायचो आणि फोन ठेवल्यावर बायको एवढंच सांगायची, "बरी हाय म्हणती." बरी हाय म्हणजे काय? नीट जेवते का, राहते कुठं, सोबतीला कोण आहे? जास्त विचारलं की ऐकायला मिळायचं, "मग तुमीच करा की फोन."

म्हणून तिचा प्रत्येक नवा लेख मला हवा होता. ब्लॉगच्या खाली एक चौकट होती, ईमेल द्या म्हणजे नवा लेख पाठवू. पण ईमेल दिला की माझं नाव तिच्यापुढं जाणार, म्हणजे मीच आधी वाकलो. बारामतीला स्टँडजवळ ऑनलाइन कामं करून देणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना माझी अडचण सांगितली तर हसल्या. "फीड रीडर घ्या की, आबा. त्यात ब्लॉगचा पत्ता टाकायचा, नवीन लेख आपोआप येतोय. कोण वाचतंय ते लिहिणाराला कळतबी न्हाय." माझ्यासारख्या हेकट बापासाठीच कुणीतरी ही सोय केली असावी.

सोय कसली, डोक्याला ताप. पहिलं ॲप उघडायच्या आतच खातं काढा म्हणालं. पासवर्डमध्ये एक आकडा पाहिजे, एक चिन्ह पाहिजे, सगळं घातलं आणि दुसऱ्या दिवशी तो पासवर्डच आठवेना. दुसऱ्यात लेखाच्या दोनच ओळी दिसायच्या, पुढं नुसती टिंबं. तिसऱ्यानं पत्ता घेतला आणि म्हणालं, इथं काही सापडलं नाही. अरे बाबा, मी आत्ता तिथनंच आलोय! चौथं एकदाचं चाललं, अख्खा लेख दिसला. पण त्यानं न विचारता पदरच्या बातम्याही भरल्या. क्रिकेट, शेअर बाजार, कुठल्या नटीनं काय घातलं. रोज सकाळी ढिगानं. त्या बंद कशा करायच्या ते मला काही केल्या सापडलं नाही.

आमच्याकडं सकाळी अंगण झाडतात तसा मोबाइलही झाडतात. गावाचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, कारखान्याचा ग्रुप, प्रत्येकात सुप्रभातची फुलं आणि वाढदिवसांचे फोटो. झाडलं नाही तर मोबाइल अडून बसतो. तेव्हा चहाच्या आधी सगळं निवडायचं आणि पुसून टाकायचं, न बघता. तीच झाडलोट मी ॲपमध्येही सुरू केली. वर बरोबरची खूण होती, ती दाबली की सगळा कचरा गायब. लेकीचा ब्लॉग मी स्वतःच्या हातानं टाकलेला, तो वेगळा राहणारच, असं धरून चाललो. आणि मग चहा घेऊन तिच्या लेखाची वाट बघत बसायचो.

आठवडे गेले, काही येईना. तिच्या नावावर बोट ठेवलं की ॲप म्हणायचं, नवीन काही नाही. आधी मी ॲपवर चिडलो, मग चहा गार झाला म्हणून बायकोवर. मग मात्र भीती वाटायला लागली. लिहिणारी पोरगी एकाएकी गप्प का होते? बायकोला विचारलं. "बरी हाय म्हणती." माझं टाळकं सरकलं. तिथंच उभ्या उभ्या मी नागपूरला फोन लावला.

"आबा?" ती म्हणाली.

"लिहायचं का थांबिवलंस?" मी ओरडलोच. "तब्येत बरी न्हाय का?"

ती म्हणाली, "थांबिवलं न्हाय. दर रविवारी लिहिती. तुमी वाचताय व्हय?"

त्याला उत्तर न देता मी ॲपला शिव्या घालत सुटलो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वरची बरोबरची खूण दाबताय का रोज?"

"दाबतो की. कचरा काढायला नगं?"

"आबा, त्याचा अर्थ सगळं वाचून झालं. माझे लेखबी त्यातच गेले." ती हसत होती की रडत होती, कळेना.

तिनं सांगितलं तिथं तिथं दाबत गेलो. पडद्यावर तिचे लेख आले, एकाखाली एक, सगळे शाबूत.

"आले का?" तिनं विचारलं. "वाचा मग निवांत. ठिवू का फोन?"

"लेख कुठं पळून जात्यात?" मी खेकसलो. "तू ठिवू नगं."