झोयाने खरं सांगितलं

मागच्या आठवड्यात आमच्या ओवीला अलिबागच्या एका हॉस्पिटलात ॲडमिट करावं लागलं. ओवी पाच वर्षांची. ताप, उलट्या, पोटात पाणीसुद्धा ठरेना... रेवदंड्यातल्या डॉक्टरांनीच सांगितलं, घरी ठेवू नका.

सलाईन लावायचं होतं, पण शीर सापडेना. पहिली सुई फुकट गेली, आणि मग ओवीने दोन्ही हात पोटाखाली घेतले ते काढेचना. मी, तिचे बाबा, सिस्टर... सगळे एकच सांगत होतो, 'नाही दुखणार बाळा.' ती आमच्याकडे बघतही नव्हती. ओठ पार सुकलेले. शेवटी तिला धरून ठेवायचं ठरत होतं.

शेजारच्या बेडवर मुरुडची झोया होती, आठेक वर्षांची. सोबत तिची अम्मी. झोया खाली उतरून ओवीच्या उशाशी आली आणि शांतपणे म्हणाली, "दुखतं. पण थोडंच. मग चिकटपट्टी लावतात ना, ती काढताना जास्त दुखतं."

आता ही आणखी रडणार, असंच वाटलं मला.

ओवीने मान वळवली. "किती वेळ दुखतं?"

"तू मला तुझ्या शाळेतल्या बाईंचं नाव सांगशील ना, तेवढाच वेळ."

ओवीने हात पुढे केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलला नाही. सलाईन सुरू झाल्यावर मी खुर्चीत बसले.

थोड्या वेळाने सिस्टर रक्ताची पिशवी घेऊन आल्या. मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी असेल. झोयाने स्वतःच बाही वर केली. "डाव्या हाताला लावा, मला चित्र काढायचंय."

मी तिच्या अम्मीकडे बघितलं. "थॅलेसेमिया हाय तिला," त्या म्हणाल्या. "तान्ही होती तेव्हापासून दर महिन्याला रक्त चढवायला येतो आम्ही." एवढं बोलून त्यांनी थर्मासमधला चहा माझ्यासाठी ओतला.

ओवी आता घरी आहे, पेज मागून खातेय. रविवारी गावातल्या शिबिरात मी आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलं. ते कुणाला जाईल माहीत नाही... कुणाला तरी लागणारच आहे, एवढं मात्र आता कळलंय. बरं झालं, आम्हाला झोयाच्या शेजारचा बेड मिळाला.