तन्वीच्या हातातला दोर

हे माझ्या तोंडून कधीच बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही — कुणकेश्वराला नारळ ठेवताना मनातल्या मनातसुद्धा नाही. तिथेही मी भलतंच काहीतरी मागते आणि उठते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांचं माझ्याबद्दल फार चांगलं मत आहे, आणि तीच अडचण आहे.

आमच्या किनाऱ्यावर कुणाच्या घरी अपंग मूल असलं — आता दिव्यांग म्हणायचं असतं, नाव बदललं, खेपा तेवढ्याच राहिल्या — तर त्या आईला लोक माझ्याकडे पाठवतात. कुठला दाखला कुठे मिळतो, शिबिराला किती फोटो न्यायचे, कुठल्या टेबलावर गोड बोलायचं आणि कुठल्या टेबलावर आवाज चढवायचा, हे मला पाठ आहे. माझ्या गौरेशने मला शिकवलं ते. गौरेश आता एकोणीस वर्षांचा आहे. बसवला तर बसतो, भरवलं तर जेवतो, हसतो मात्र स्वतःचं स्वतः.

मी अशी पहिल्यापासून संशयी नव्हते — की होते? गौरेश पाच-सहा वर्षांचा असताना बाहेरगावची एक संस्था आली होती. त्याला पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला, फोटो काढले. मग खुर्ची गाडीत परत चढवली. मापाची करून पाठवतो म्हणाले. ती खुर्ची अजून यायची आहे. वर गावात बोललं गेलं, की ही बाई मुद्दाम पोराला लोळवत ठेवते, काही मिळावं म्हणून. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीही फुंकायला लागले होते.

त्यानंतर तीनेक वर्षांनी एक मॅडम दर मंगळवारी शाळेच्या पडवीत यायच्या. आम्हा चार-पाच आयांना मुलांचे व्यायाम शिकवायच्या, कागद भरून द्यायच्या. घाटावरच्या, सरळ बाई. तिथे सुगंधा यायची, आमच्या शेजारची. तिची तन्वी साडेचार वर्षांची, बोलायची नाही, हाकेला वळायची नाही. कानाची यंत्रं देणारं शिबिर कणकवलीला होणार होतं आणि त्याची यादी मॅडम करत होत्या. तन्वीचं नाव पहिलं होतं. माझ्या गौरेशचं कुठल्याच यादीत नव्हतं.

आणि मग ती सकाळ. रापण लागली होती — होडी समुद्रात अर्धगोल जाळं सोडून येते, जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि अख्खा वाडा ते ओढतो. पुढे एक म्हातारा हाळी देतो, हाळीसरशी सगळे ओढतात. मी पाटी घेऊन सुरूच्या झाडांपाशी उभी होते. दोराच्या शेवटी पोरं लोंबकळत होती, त्यांत तन्वी. तिची पाठ समुद्राकडे, पाठ म्हाताऱ्याकडे. आणि हाळी आली की ही बरोबर ओढत होती. हाळी थांबली की थांबत होती. एकदाही चुकली नाही. मी बघतच राहिले. बहिरी म्हणे!

त्याच दिवशी मी तिच्या मागे जाऊन स्टीलचं ताट आपटलं. ती वळली नाही. वळली असती तर मी म्हटलं असतं, पकडली चोरी. वळली नाही, तर म्हटलं, आईने चांगली पढवली आहे. सांगा, त्या पोरीने काय केलं असतं म्हणजे माझा विश्वास बसला असता?

पुढच्या मंगळवारी सगळ्या गेल्यावर मी मागे राहिले. आवाज खाली केला आणि ऑफिसातली मराठी काढली. "मॅडम, माझं नाव कुठे घेऊ नका. पण ती मुलगी ऐकते. मी डोळ्यांनी पाहिलंय." तन्वीच्या नावापुढे मॅडमनी लिहिलं — पुन्हा तपासणी. त्या रात्री मला झोप छान लागली. खोटी पोरं आत शिरली तर खऱ्यांचं काय, असा माझा मोठा न्यायाचा विचार होता. हेवा हा शब्द तेव्हा मला सुचलाच नाही.

ती पुन्हा तपासणी व्हायला सव्वा वर्ष लागलं. मोठ्या मशीनवर तपासलं तेव्हा कळलं, की पोरीला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. यंत्र बसलं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे जाणं सुरू झालं. मी काय केलं? पेढे खाल्ले.

पाऊस सरल्यावर पुन्हा रापण लागली. त्या दिवशी मीही दोराला हात लावला. तन्वी शेजारी आली. यंत्र पाण्याने भिजेल म्हणून आईने काढून ठेवलं होतं. तिने माझा पंजा धरला, दोरावर नीट दाबून बसवला आणि माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या माणसांनी ओढायच्या आधी दोर हातात थरथरतो, ताठ होतो. तो तसा झाला की ती माझ्या मनगटावर बोटाने टक् करायची. मग ओढायची. पुन्हा थरथर, पुन्हा टक्. मला शिकवत होती. मी या किनाऱ्यावर वीस वर्षं रापण बघते आहे आणि दोर हाताला सांगतो हे मला माहीत नव्हतं. हाळी ऐकू येणाऱ्याला दोराकडे लक्ष देण्याची गरजच काय?

पण थांबा. एवढंच असतं तर मी कधीच सांगून टाकलं असतं. चूक झाली, दिसलं तसं बोलले, पदर पसरून माफी मागितली असती आणि सुगंधाने केलीही असती. ती तशी आहे.

खरी गोष्ट त्यानंतर आठ दिवसांची आहे. शिकवणाऱ्या बाईंनी सुगंधाला सांगितलं होतं, की यंत्र एक-दीड वर्ष आधी लागलं असतं तर बोलणं पुष्कळ साफ आलं असतं. या वयात एकेक महिना मोलाचा. आणि आमच्या मॅडम बदली होऊन जाताना बोलून गेल्या होत्या, की तुमच्या गावातूनच कुणीतरी सांगितलं होतं. नाव त्यांनी घेतलं नाही. शब्दाला जागल्या. सुगंधा माझ्या मागच्या दारी येऊन बसली. रडत नव्हती. "कोणी सांगल्यान आसात, वैनी? तुमका काय वाटता?"

तेव्हा मला सगळं माहीत होतं. माझ्या मनगटावर ते बोट अजून टकटक करत होतं. मी मासे निवडत होते. मान वरही केली नाही. "भायरचो माणूस कित्याक सांगतलो? घरातलाच कोणीतरी आसतला."

घरातलं म्हणजे कोण, हे तिला सांगावं लागलं नाही. एकाच अंगणात राहणारी तिची मोठी जाऊ, प्रमिला. तन्वीला न्हाऊमाखू घालणारी, तिच्यासाठी सोमवार धरणारी. सुगंधाने तिला जाब विचारला नाही, भांडली नाही. बोलणं बंद केलं, बस. प्रमिला महिनाभर विचारत राहिली, गो माझा चुकला काय? मग तिनेही विचारायचं सोडलं. पावसाच्या तोंडावर अंगणाच्या मधोमध नारळाच्या झापांचं कुंपण उभं राहिलं. विहीर प्रमिलाच्या बाजूला गेली. सुगंधा माझ्या विहिरीवर यायला लागली.

याला आठ-नऊ वर्षं झाली. तन्वी पंधराची आहे. तिचं बोलणं सुगंधाला कळतं, मला थोडं कळतं, दुकानदाराला कळत नाही. काकीला हाक मारायचं ती अजून विसरलेली नाही, पण कुंपणापलीकडून प्रमिला ओ देत नाही. आणि सुगंधा चारचौघांत म्हणते, वैनी नसत्यो तर माझ्या चेडवाचा काय झाला असता. मी ऐकून घेते. नको नको म्हणते, जसं चांगली माणसं म्हणतात.

झापा वर्षभरात कुजतात. दर वैशाखात सुगंधा नव्या विणते आणि जुन्या काढून त्या जागी बांधते. एकटीने ते काम होत नाही, दुसऱ्या बाजूने कुणीतरी सुतळी ताणून धरावी लागते. याही वर्षी मीच धरली.