पंचेचाळीसला दोन कमी

पहिल्या भेटीत माणसं नाव विचारतात, गाव विचारतात, आडवळणानं जातही काढून घेतात. बबनतात्यांनी मला यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. मी बदली होऊन पिंपळवंडीच्या शाळेवर हजर व्हायला आलो होतो. एसटीतून उतरून ट्रंक खाली ठेवली आणि घाम पुसू लागलो, तोच एक काटकुळे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. त्यांनी मला टोपीपासून चपलांपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाले, "चौऱ्याऐंशी. चपला धरून."

मला वाटलं, एखाद्या घराचा नंबर सांगताहेत.

"तुमचं वजन वो, गुरुजी. रगत कंच्या गटाचं?"

"ओ पॉझिटिव्ह," मी बोलून गेलो. त्या दोन शब्दांनी माझी पुढची बारा-तेरा वर्षं अडकवून ठेवली. नंतर पिठाच्या गिरणीत जाऊन मी मुद्दाम वजन केलं. त्र्याऐंशी किलो आठशे भरलं. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर हाय. चपला न्हाईत पायात."

तात्या मापाडी होते. बाजार समितीच्या आवारात कांद्याची गोणी काट्यावर चढली की मोठ्यानं वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. आडनाव काहीतरी वेगळं होतं, पण पोस्टमनसुद्धा त्यांना मापाडीच म्हणे. शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्यांच्यावर सारखेच नाराज असत, त्यावरून गावानं त्यांचा काटा खरा आहे असं ठरवलं होतं. "काट्याला भीडभाड नसती, गुरुजी," ते म्हणत. "माणूस दिसतो तेवढा भरत न्हाई, अन् भरतो तेवढा दिसत न्हाई. म्हनून तर मापाडी ठेवत्यात."

आणि दर वर्षी गणपतीत गावातल्या मंडळाचं रक्तदान शिबिर आमच्या शाळेत भरे, ते तात्यांचं. कार्यक्रमपत्रिकेत अध्यक्ष म्हणून विलासचं नाव असायचं. विलासचं खताचं दुकान होतं आणि त्याला फोटोत मधोमध उभं राहता येत असे. बाकी सगळं तात्या करायचे. मदतीला याल का, असं त्यांनी आयुष्यात कुणाला विचारलं नाही. ते नुसतं काम सांगत. "इस्माईलभाई, एकाहत्तर किलो, गाद्या तुमच्या मांडवातल्या आनायच्या, अन् धाला सोता झोपायचं." मांडववाले इस्माईलभाई भाड्याचं काही बोलायला तोंड उघडत, तोवर तात्या पुढच्या घरी गेलेले असत. मला त्यांनी नावं लिहायला बसवलं. मास्तर माणूस, अक्षर चांगलं, मी खूश झालो. दहा नावं लिहून झाल्यावर अकरावं नाव माझं सांगितलं.

आता लपवून काय उपयोग, मला सुईची भीती वाटते. अजून वाटते. मी म्हणालो, "तात्या, मला सकाळपासून कसंतरीच होतंय."

"व्हनारच. चौऱ्याऐंशी किलोला भ्या बी त्याच मापानं लागनार. झोपा."

मी झोपलो. तात्या उशाशी उभे राहिले आणि सुई टोचायच्या वेळी म्हणाले, "त्या डॉक्टरीनबाई बघा. बावन्न." मी बघायला गेलो आणि सुई आत गेलीसुद्धा. बाईंनी तात्यांकडे असं काही पाहिलं की पुढच्या वर्षी रक्तपेढीनं दुसरे डॉक्टर पाठवले.

रक्त देऊन उठणाऱ्याला एक कप कॉफी आणि बिस्किटाचा पुडा मिळे. पुडे वाटायला तात्या स्वतः उभे असत. त्या दिवशी दुपारी सगळं आवरल्यावर दोन-तीन पुडे उरले. मी एक फोडला आणि त्यांच्यापुढे धरला, तर ते विंचू दिसावा तसे मागं सरले. "मला न्हाई. ती रगत दिलेल्यांची असत्यात."

"मग तुम्ही का नाही दिलंत?" मी विचारलं. गादीवर बसलेल्या पोरांनी एकदम माना खाली घातल्या. तात्या म्हणाले, "भरत न्हाई."

रक्त द्यायला पंचेचाळीस किलो वजन लागतं. तात्या त्रेचाळीस भरत.

हे सगळं मला हौसामावशींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं सांगितलं. त्यांच्या पहिल्या बाळंतपणात फार रक्त गेलं होतं. तात्यांनी त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त हवं म्हणाल्यावर तात्या सदऱ्याची बाही वर करूनच आत गेले. तिथल्या माणसानं त्यांना काट्यावर उभं केलं आणि खाली उतरवलं. घरची माणसं गावाकडं, बायको आत. मग व्हरांड्यात भावाला बघायला आलेला एक अनोळखी माणूस उठला, बाटलीभर रक्त देऊन आला आणि नाव न सांगता निघून गेला. "तवापास्नं ह्यांच्या डोक्यात त्ये बसलंय," मावशी म्हणाल्या. "एकदा तरी द्यायचं. कुनालाबी, पर द्यायचं."

त्यासाठी त्यांनी काय नाही केलं! शिबिराच्या आधी दोन महिने तूप. पहाटे भिजवलेले हरभरे. शिबिराच्या सकाळी एक डझन केळी आणि तांब्याभर दूध. एकदा ते इतकं पाणी प्यायले की रांगेत पाळी येईपर्यंत तीनदा उठावं लागलं, आणि जेवढं कमावलं तेवढं सगळं गमावून काट्यावर चढले. चव्वेचाळीस शंभरच्या पुढं गाडी कधी गेली नाही. पोरं थट्टा करत, "तात्या, खिशात दोन वजनं टाका की, तुमच्याकडं तर ढीग हाय!" तात्या हसत नसत. वजनं खिशात टाकण्याची गोष्ट मापाड्यापुढे काढू नये, एवढं त्या पोरांना कळायला हवं होतं.

मग ते बाथरूम काट्याचं वर्ष आलं. तोवर शिबिराचं वजन तात्यांच्याच काट्यावर होई. त्या वर्षी विलासनं दुकानातून नवा कोरा छोटा काटा आणला, गुलाबी रंगाचा. तालुक्यात शंभर बाटल्या करणाऱ्या मंडळाला ढाल मिळणार होती आणि विलासनं ढालीसाठी भिंतीला खिळासुद्धा मारून ठेवला होता. पहिल्यांदा वजनाला तात्याच उभे राहिले, दरवर्षीप्रमाणे. नर्सबाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "पंचेचाळीस. या, झोपा."

मग पोरांनी टाळ्या वाजवल्या. तात्या मात्र काट्यावरून उतरले नाहीत. पायाखालच्या त्या गुलाबी डबीकडं बघत उभेच राहिले. मी नावं लिहीत बसलो होतो तिथून मला त्यांचा चेहरा दिसत होता. इतका आनंदी आणि इतका दुःखी चेहरा मी एकाच माणसाचा पुन्हा पाहिला नाही. पायाखाली काटा आल्याबरोबर त्यांना सगळं कळलं होतं. तरी ते मिनिटभर उभे राहिले. तेवढं एक मिनिट त्यांनी घेतलं.

मग उतरले, बाहेर गेले, आणि अर्ध्या तासानं हातगाडीवर आपला काटा घालून घेऊन आले.

"ह्यो दोन किलो खोटा हाय," ते म्हणाले. "समद्यांची परत वजनं करा."

विलास तांबडालाल झाला. "तात्या, तुमालाच द्यायचं व्हतं ना? इतकी वरसं बोंबलताय! पंचेचाळीस दावतंय तर झोपा की गपगुमान!"

"इलास, उद्या सकाळी बाजारात गोनी माझ्याम्होरं येनार हाय. तिला काय सांगू?"

"गोनीला कशाला काय सांगायला पायजे?"

"तुला न्हाई लागत. तुजं दुकान हाय," तात्या म्हणाले आणि सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं केलं. स्वतः पहिले चढले. त्रेचाळीस. त्यांच्यामागून आणखी नऊ जण बाद झाले, बहुतेक कॉलेजातल्या पोरी. संध्याकाळी मोजदाद केली तर बाटल्या ब्याण्णव. विलास पुढे सहा महिने तात्यांशी बोलला नाही, आणि भिंतीवरच्या खिळ्याला मंडळानं कॅलेंडर लावलं.

वर्षं अशी गेली. गावात दोन फोन होते त्याचे दोनशे मोबाईल झाले. माझ्या देण्याचा आकडा बारावर गेला आणि प्रत्येक वेळी मी तितकाच घाबरलो. तात्यांना साठावं लागलं. रक्तदानाला साठीपर्यंतच परवानगी, म्हणजे हे शेवटचं शिबिर. त्या सकाळी ते माझ्या आधी शाळेत येऊन बसले होते. मला पाहून उठले, गुपचूप आपल्या काट्यावर चढले आणि म्हणाले, "बघा."

पंचेचाळीस दोनशे.

मी काटा दोनदा तपासला. खरा होता. मास्तरकीची सगळी शिस्त विसरून मी ओरडलो, माणसं धावत आली, विलासनंसुद्धा तात्यांच्या पाठीवर थाप मारली. तात्या गादीवर आडवे झाले, बाही वर केली. डॉक्टर आले, रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला. मग त्यांनी तात्यांचं धोतर घोट्यावरून जरा वर सरकवलं आणि पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"तात्या," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "हे वजन तुमचं नाही. अंगात पाणी साठलंय. हृदयाची तपासणी करायला हवी, उद्याच्या उद्या."

तात्यांनी त्या खड्ड्याकडं थोडा वेळ पाहिलं. "म्हंजी बारदान," ते म्हणाले. "वजा करा." गोणी तोलली की रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, तसं त्यांनी स्वतःला वजा केलं आणि बाही खाली ओढली. मला तिथं बसवेना. मी बाहेर जाऊन उगाच चौथीच्या पोरांवर खेकसलो.

परत आलो तर तात्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी उभे. त्या वर्षी नेत्रदानाचे फॉर्म घेऊनही एक बाई आल्या होत्या आणि सकाळपासून त्यांच्याकडं कुणी फिरकलं नव्हतं.

"वजनाची अट?" तात्या विचारत होते.

"नाही हो, काका."

"वयाची?"

"तीही नाही. मात्र गेल्यावर सहा तासांच्या आत आम्हाला कळवून बोलवायचं."

तात्यांनी बाईंकडं संशयानं पाहिलं, कारण इतका सोपा सौदा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मग सही केली. मावशींची सही झाली, साक्षीदार म्हणून माझी. फोन नंबराचा कागद त्यांनी माझ्या खिशात घातला आणि वरून दाबला. "ध्यानात ठेवा, गुरुजी. सा तास. आधी फोन. रडायचं त्ये नंतर."

औषधांवर तात्यांनी दीड वर्ष काढलं. गेले ते सकाळी सातला, चहा पिऊन. निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून आधी फोन केला. मग त्यांच्या घरी गेलो, पंखा बंद केला, डोळे नीट मिटले, पापण्यांवर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली. सगळं फॉर्मवर लिहिल्याबरहुकूम. रडलो नाही.

गाडी पुण्याहून यायची होती. दहापर्यंत पाहुणे जमले, तिरडी बांधून झाली, आणि तात्यांचे थोरले चुलतभाऊ आप्पा उठले. "चला, उचला. कशापायी खोळंबलाय?" मी कारण सांगितलं तसे ते भडकले. "डोळं काढनार? पुढल्या जन्मी आंधळा निपजंल त्यो! मी जिता हाय तवर ह्ये व्हनार न्हाई."

मी घड्याळ बघत होतो. आप्पांना अडवावं असा माझा अधिकार नव्हता. मी साक्षीदार, तोही परगावचा. विलास गाडीला वाट दाखवायला मोटारसायकल घेऊन फाट्यावर गेलेला. चार माणसं तिरडीपाशी सरकलीसुद्धा.

तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून बसलेल्या हौसामावशी उठून तात्यांच्या उशाशी येऊन बसल्या. "आप्पा, पुढल्या जन्माचं पुढल्या जन्मी बघू. ह्या जन्मात ह्या मानसाला दर साली काट्यावरनं खाली उतरवलंय. एवढंसं त्वांड करून घरी यायचा, अन् मला म्हनायचा, पुढल्या साली. माज्या अंगात परक्याचं रगत हाय म्हनून मी तुमच्याम्होरं उभी हाय. आज ह्यास्नी कुनी परत धाडायचं न्हाई."

आप्पा बसले. साडेअकराला विलासची मोटारसायकल आणि तिच्यामागून गाडी आली. दोन माणसं आत गेली, दार लोटलं, आणि वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर आली. एकाच्या हातात बर्फाची छोटी पेटी होती. त्यानं माझ्याकडून फॉर्म भरून घेतला. नाव, वय, वेळ, कारण. तो कागद मिटू लागला तसं मी म्हणालो, "वजन राहिलं लिहायचं."

"वजन कशाला?" तो म्हणाला.

गाडी गेली. मी आत गेलो. तात्या होते तसेच दिसत होते. मावशींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "गुरुजी, शिबिरात दिल्यावर काय देत्यात वो?"

मला आधी समजलं नाही. मग समजलं. मी काही बोलायच्या आत मागं उभा असलेला विलास वळला आणि समोरच्या दुकानाकडं गेला. बिस्किटाचा पुडा घेऊन आला, त्यानंच तो तात्यांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि तसाच उकिडवा बसून राहिला.

मी घड्याळात पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं. पेटी वेळेत निघाली होती. मग मी रडलो.