स्वयंपाकघराची मागची भिंत

माझं माहेर कल्याणचं आणि सासर ठाण्याचं. आगगाडी झाल्यामुळे दोन्ही गावं जवळ आली होती, म्हणून वडिलांनी निश्चिंत मनाने मला तिथे दिली. घर पाहून तर आई हरखलीच. पुढे लांबरुंद ओटी, शिसवी खांब, झोपाळा. मात्र स्वयंपाकघर काही कुणी तिला दाखवलं नाही. पाहुण्यांना ते दाखवतं तरी कोण!

ते होतं घराच्या पार टोकाला. मागच्या भिंतीत एक वीतभर झरोका, बाकी सगळं बंद. भर दुपारी दिवा लावून भाकऱ्या थापायच्या. वर माळा इतका ठेंगणा की ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचं. धूर माजघराकडे वळायचा आणि तिथून सासूबाईंचं खोकणं ऐकू यायचं. त्या अंधारात मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, दोघी एका चुलीपाशी.

जाऊबाईंचा आवाज मोठा, घोगरा. "अगं, पीठ असं मळतात का?" एवढंच त्या म्हणायच्या, पण मला वाटायचं चाबूक ओढला. चेहरा काही दिसायचा नाही. मी गप्प बसले की त्यांना वाटायचं, धाकटी फुगली. डोळ्यांतून पाणी तर दोघींच्याही यायचं. ते धुराचं की मनाचं, हे एकीचं दुसरीला कळायचं नाही.

एके दिवशी त्या पेजेचं पातेलं उतरवून वळल्या, मी मागेच होते. गरम पेज माझ्या हातावर सांडली. "धक्का कशाला दिलास?" त्या ओरडल्या. "मी नाही, तुम्हीच दिलात," मी पहिल्यांदाच उलट बोलले. त्या संध्याकाळी त्यांनी मोठ्या दिरांना सांगितलं, आता चूल वेगळी करा.

चूल वेगळी म्हणजे घर फुटलं, असंच तेव्हा गाव समजायचं. शेवटी मामंजी म्हणाले, "घर एकच राहील. स्वयंपाकघरात मधोमध भिंत घालू. धाकटीला मागून दार काढून देऊ."

शीळ गावचा एक गवंडी आला. त्याने दारासाठी मागच्या भिंतीवर पहार मारली आणि अख्खी भिंतच ढासळली. आतून वाळवीने पोखरलेली होती; छप्पर खांबांवर होतं म्हणून तेवढं वाचलं. माती उपसून झाली, तोच भातकापणी आली आणि तो गावी निघून गेला. पाऊस सरला होता, म्हणून रात्री बांबूच्या तट्ट्या लावायच्या नि सकाळी काढून ठेवायच्या, असं ठरलं.

पहिल्या सकाळी तट्ट्या काढल्या आणि चुलीपर्यंत ऊन आलं. परसातली केळ दिसायला लागली, धूर सरळ बाहेर निघून गेला. मी पीठ मळायला बसले, तशी मागून आरोळी आली, "अगं, पीठ असं मळतात का?" मी दचकून वर पाहिलं, तर जाऊबाई हसत होत्या. आवाज तोच घोगरा, पण डोळे हसरे. मला एकदम हसू फुटलं.

"दात काढायला काय झालं?"

"जाऊबाई, मला आजवर वाटायचं तुम्ही रागावता."

"मी? मी कधी रागावले?" त्या खाली बसल्या आणि त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. हात धरून त्यांनी तो उजेडात वळवून पाहिला. "अगबाई, एवढं भाजलं होतं? दिसलंच नाही गं मला." त्यांनी उठून लोणी आणलं. डाग जुना झाला होता, लोण्याचा काही उपयोग नव्हता, पण मी हात पुढे केला.

पुढे सासूबाई भाजी निवडायला तिथेच येऊन बसू लागल्या. त्यांचं खोकणं कमी झालं. चेंदणीची कोळीण पुढच्या दारी हाक मारायची सोडून परसातून यायला लागली आणि कोलंबीची टोपली उतरवून घटकाभर गप्पा मारून जायची. दिवाळीच्या करंज्या आम्ही तिघींनी तिथेच केल्या.

दिवाळीनंतर गवंडी परतला. मामंजींनी आम्हां दोघींना बोलावलं. "मधली भिंत कुठून घ्यायची ते दाखवा."

मी जाऊबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मग त्याच म्हणाल्या, "मामंजी, मधली भिंत नको. आणि मागचीही नको."

"मग काय चोरांना आमंत्रण देऊ?"

"लाकडी गज लावा. वरून कौलं पुढे उतरवा, म्हणजे पावसाची झड येणार नाही. आणि चुली दोन घाला, पण शेजारी शेजारी. हिचं पीठ मला दिसलं पाहिजे."

मामंजी मोठ्याने हसले. त्यांना तसं हसताना मी तेव्हाच प्रथम ऐकलं. गवंड्याने परसाच्या बाजूला छानशी पडवी काढून दिली. ओटीचा ज्यांना एवढा अभिमान, ते मामंजीही सकाळची पेज प्यायला पडवीत येऊन बसायला लागले.

दोन चुली झाल्या म्हणून गावात बरेच दिवस कुजबुज चालली. आम्ही ती चालू दिली. भांडणं काय, त्यानंतरही झाली. लोणच्यावरून तर दर वर्षी. पण एकीचा चेहरा उतरला की दुसरीला तो दिसायचा, आणि एकदा दिसला की राग फार वेळ धरवत नसे. माझी तिन्ही बाळंतपणं जाऊबाईंनीच केली.