लांडग्याच्या बिळाची वाट

कोगनोळीजवळच्या आमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला एक म्हातारा धनगर आला होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. लांडग्यानं त्याचं कोकरू नेलं, तशी गावातली आठ-दहा माणसं काठ्या आणि धुरीसाठी मिरच्या घेऊन आली. बीळ दाखव म्हणाली. लांडगा मारणं गुन्हा आहे, असं मी पुटपुटलो. कुणी लक्ष दिलं नाही.

म्हातारा मात्र लगेच पुढं झाला. काय त्याचा थाट! दर वीस पावलांवर थांबून माती हुंगायचा, ओठांवर बोट ठेवायचा, की सगळे श्वास रोखून उभे. अशा तीन टेकड्या त्यानं आम्हाला चढवल्या आणि शेवटी दाखवलं ते साळिंदराचं रिकामं बीळ. पाय ओढत, शिव्या देत मंडळी घरी गेली.

"आप्पा, खरं बीळ तुम्हाला ठावंच न्हाय व्हय?" शेतात परतल्यावर मी विचारलं.

"हाय की. ह्या बांधापलीकडं, वढ्याच्या कडंला." तो तंबाखू मळत म्हणाला. "कोकरू माझं गेलं, राग आला तर मला येऊ दे. ह्यांचं काय गेलंय?"

मग माझ्या पायांकडं बघून हळूच म्हणाला, "पिल्लं बघायची आसतील तर चला. पर वहाणा काढा, आत्ताच निजल्यात."