शेवंतीची गादी आणि जर्मन म्हातारी

घाटकोपरला हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी शेवंती गावडे रोज सकाळी नवऱ्याची गादी गॅलरीच्या कठड्यावर टाकून बडवायची. लवूची उभी हयात गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात गेली. संपात गिरणी बंद पडली, खोकला मात्र त्याच्याबरोबर घरी आला. गादी घरात झटकली की तो दुपारपर्यंत खोकत राही. म्हणून ती बाहेरच झटकायची, एवढं शेवंतीचं साधं गणित.

खालच्या मजल्यावरच्या वनमालाबाईंचं गणित वेगळं होतं. त्यांच्या पापडांवर रोज कापूस उतरायचा.

"शेवंते, हे पापड तळू की पिंजू गं?"

"गच्चीत वाळत घाला!"

"गच्चीवर परवाच डांबर ओतलंय. पापडांना काय रस्ता करू?"

शेवटी वनमालाबाईंनी सेक्रेटरी मधुकररावांकडे तक्रार केली आणि नोटीस लागली. गॅलरीतून अंथरूण झटकण्यास कायमची बंदी, ठराव रविवारी संध्याकाळी. शेवंतीच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या रविवारी दुपारी सगळी इमारत मधुकररावांच्या रंगीत टीव्हीपुढे बसली होती. जुन्या परीकथेवरचा जर्मन सिनेमा लागला होता. भाषा कुणालाच कळेना, म्हणून मधुकरराव खालची इंग्रजी अक्षरं मराठीत सांगत होते. ढगांत एक म्हातारी राहत असते. तिच्याकडे कामाला आलेली पोर तिची गादी खिडकीतून दणादण झटकते, पिसं उडतात आणि खाली पृथ्वीवर बर्फ पडतो. ती घरी निघते तेव्हा दारातच तिच्या अंगावर सोनं बरसतं. तिची आळशी बहीण गादीला हात लावत नाही, तिच्यावर डांबर पडतं.

शेवंती ताडकन उठली. "बघितलात? आता बोला!"

सभा तिथेच सुरू झाली.

"जर्मनीत चालतं, मग घाटकोपरात का नाही?"

"तिथे खाली पापड नसतात," वनमालाबाई म्हणाल्या.

"सिनेमा पुरावा म्हणून धरता येत नाही," मधुकरराव म्हणाले.

"मग भाषांतर कशाला केलंत?" तळमजल्यावरच्या माणिकने विचारलं. "आणि मला सांगा, ते सोनं नक्की कुठून पडतं?"

यावर बरीच चर्चा झाली. अखेर ठरलं की आधी प्रत्यक्ष पाहणी व्हावी. शेवंतीने सकाळी सर्वांसमक्ष गादी झटकावी. नुसता कचरा पडला तर बंदी.

सकाळी सगळे गॅलरीखाली हजर. पाहणीच होती, तरी वनमालाबाई लग्नातला शालू नेसून आल्या होत्या. माणिकने छत्री उलटी उघडून धरली होती. फाटकाजवळ उरलेल्या डांबराचं पिंप होतं, त्याचं झाकण मधुकररावांनी सुतळीने बांधून घेतलं. उगाच विषाची परीक्षा नको.

वर लवूने गादीचं टोक धरून ठेवलं. "शेवंते, आजचो दिस ऱ्हवांदे गो."

"आज नाय झटकली तर उद्यापासून कधीच नाय!" तिने गादी त्याच्या हातून ओढली आणि सगळा राग बडवण्यात ओतला. कोपऱ्यातली शिवण उसवली. कापूस भुरभुरला आणि पाठोपाठ काहीतरी पिवळं चकाकत खाली येऊन मधुकररावांच्या टकलावर टण्णकन आदळलं.

"सोनं!"

सगळे तुटून पडले. ते लागलं वनमालाबाईंच्या हाती. पितळ होतं. गिरणीचा बिल्ला, त्यावर लवूचा नंबर.

शेवंती धावत खाली आली. मागून धापा टाकत लवू. "परत केला म्हणालेलात ना?" तिने विचारलं.

"उद्या गिरणी उघडली तर गेटार दाखवूक व्हयो ना," लवू म्हणाला आणि खोकू लागला.

वनमालाबाईंनी बिल्ला शालूच्या पदराने पुसला आणि त्याच्या हातात दिला. मग मधुकररावांकडे वळल्या. "माझी तक्रार मागे. पापड मी मागच्या खिडकीत घालीन."

"पण पाहणीत सोनं निघालं नाही," टेंगूळ चोळत मधुकरराव म्हणाले.

"डांबरही पडलं नाही ना?"

हा मुद्दा बिनतोड होता. झटकणं मंजूर झालं. शेवंतीने बिल्ला त्याच कोपऱ्यात दुहेरी टाका घालून शिवला. तरीही रोज सकाळी चारदोन माणसं सहज म्हणून गॅलरीखाली रेंगाळू लागली, तेव्हा मधुकररावांनी नवी नोटीस लावली: गादी झटकली जात असताना खाली उभे राहण्यास सक्त मनाई.

ती कुणीच पाळली नाही. शेवंतीही झटकण्याआधी वाकून विचारायची, "आलात काय सगळे?"

"थांब गं," खालून वनमालाबाई ओरडायच्या, "पदर तरी सारखा करू दे!"